अन्नपूर्णाबाईच्या वाट्याच्या कोंबड्या

आमच्याकडे कोंबडी वाट्यानं देतात. म्हणजे कोंबडी एकाची आणि पाळणारा दुसरा. पिल्लं मोठी झाली की अर्धी मालकाची, अर्धी पाळणाऱ्याची. मूळ कोंबडी मालकाचीच राहते. कागद नाही, अंगठा नाही. एक नियम मात्र आहे, आणि तो शाळेत न गेलेल्यालाही पाठ असतो. कोंबडी रोगानं मेली तर मेलेली नेऊन मालकाला दाखवायची. जनावरानं खाल्ली तर मागं राहिलेली पिसं आणि पाय दाखवायचे. दाखवले की पाळणारा सुटला. दाखवायला काही नसेल, तर कोंबडी तूच खाल्लीस असं धरायचं आणि तिच्या बदली दुसरी द्यायची.

हा नियम लहानपणापासून माझ्या डोक्यात जातो. माणसाच्या तोंडावर विश्वास नाही, पिसांवर आहे. पण गाव त्यावर चालत होतं, आणि त्या नियमात आमच्या वस्तीतल्या अन्नपूर्णाबाईइतकं चोख कोणी नव्हतं.

आमगावहून दरेकशाकडे जाताना डोंगर लागण्याच्या जरा अलीकडे आमचं गाव. अन्नपूर्णाबाईचं घर बौद्ध वस्तीतलं शेवटचं. परसाच्या मागं बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीपलीकडे जंगल सुरू. नवरा भैयालाल आमगावला राईस मिलमध्ये हमाल. शनिवारी गाडीनं यायचा, सोमवारी पहाटे परत. मुलगी स्नेहल तिरोड्याला दिलेली. घरी ही, एक गाय आणि कोंबड्या.

कोंबड्या अर्ध्याहून जास्त दुसऱ्यांच्या. लोक तिच्याकडे कोंबड्या ठेवायचे, कारण तिच्याकडे त्या जगायच्या. जंगलाच्या तोंडावर राहून जगायच्या, ही गोष्ट सोपी नाही. मुंगसाला ती चोर म्हणायची आणि कोल्ह्याला पाहुणा. "पाहुना सांगून येत नाई, पन येऊन गेला का समजते," म्हणायची. तिला सगळ्यांच्या सवयी ठाऊक. मुंगूस मान फोडून धड तिथंच टाकतं. रानमांजर ओढत नेते, मग बोडीपर्यंत पिसांची रांग लागते. कोल्हा पंख तोडून फेकतो. घार तर पिल्लू उचलते तेच दिवसाढवळ्या, सगळ्यांना दाखवत. यातलं काही घडलं की अन्नपूर्णाबाई पिसं गोळा करून चिंधीत बांधायची, मालकाच्या दारी जायची, पुढ्यात सोडायची आणि म्हणायची, "हे तुही कोंबडी." चहासुद्धा न घेता परत.

तिच्याकडे सगळ्यात जास्त कोंबड्या होत्या त्या जमुनाबाईच्या. हे घर गावातलं मोठं शेतकरी घर. गावचा तलाव यांच्या पूर्वजांनी खोदला, त्याचा त्यांना अभिमान आहे आणि तो खोटा नाही. जमुनाबाईचे सासरे ईश्वरदास माळकरी. अंगणात तुळस, आणि कोंबडीचं पाऊल त्या अंगणात चालायचं नाही. पण घरातल्या पोरांना कोंबडीचा रस्सा चालतो, पाहुण्यांना तर लागतोच. मग कोंबड्या राहतात आमच्या वस्तीत आणि रस्सा शिजतो त्यांच्या मागच्या पडवीत. यावर मी पुष्कळ बोलू शकतो, पण ही गोष्ट अन्नपूर्णाबाईची आहे.

२००३ च्या पावसाळ्यात कोल्ह्यानं तिच्या खुराड्याची मागची भिंत दोनदा उकरली. खुराडं तेव्हा परसाच्या टोकाला होतं. तिनं ते मोडलं आणि घराच्या भिंतीला लागून नवीन बांधलं, थेट मांडवाखाली. आमच्याकडे गुरांसाठी चार बल्ल्यांवर मांडव घालतात, वर वर्षभराचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, रचून ठेवतात आणि खाली गाय बांधतात. त्याच मांडवाचा एक कोपरा तिनं कोंबड्यांना दिला. भिंती मातीच्या, जाड. मुंगसानं उकरू नये म्हणून खाली फरशीचे तुकडे बसवले. दाराला सागाची फळी. दाराबाहेर बोराटीचे काटे. छत मात्र घातलं नाही, नुसत्या बांबूच्या कामट्या आडव्या टाकल्या. वर पुरुषभर तणस असताना छताची गरज काय? पाऊस लागत नाही आणि थंडीत ऊब राहते. भैयालालनं खुराडं बघून म्हटलं होतं, "मिलच्या गोदामाले इतकी मजबूती नाई. मीच येतो इथं झोपाले."

शिमगा झाला, मोहफुलाचे दिवस लागले आणि पहिली कोंबडी गेली. दार बंद होतं. भिंत शाबूत, फरशी शाबूत. एक पीस नाही. अन्नपूर्णाबाईनं परस पालथं घातलं, बोडीचा काठ पालथा घातला, जंगलात दूरवर जाऊन आली. काही नाही. कोंबडी जमुनाबाईची होती. अन्नपूर्णाबाईनं आपल्यातली एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, नेऊन दिली आणि गोष्ट मिटवली.

मग दुसरी गेली. ती तिची स्वतःची होती, म्हणून बोभाटा झाला नाही. तिनं भिंती पुन्हा लिंपल्या, काटे दुप्पट केले, खाट खुराड्याच्या दारासमोर आणून टाकली. कोंबड्या कधीकधी एकदम कलकल करायच्या, ही उठून दार चाचपायची, दार जागच्या जागी असायचं. आणि तिसरी गेली. ती परत जमुनाबाईची.

त्या दिवशी मी ईश्वरदासांकडे गेलो होतो. तलावाच्या पाटाचं पाणी आमच्या वस्तीकडच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, शेवटी मिळतं, त्यावरून माझं त्यांचं दरवर्षी भांडण असतं. आमचं चालूच होतं तेवढ्यात अन्नपूर्णाबाई आली. जमुनाबाई ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत बसली होती.

"परत?" जमुनाबाईनं मान वर न करता विचारलं.

"हो बाई."

"पख?"

"नाई सापडले."

"पाय?"

"नाई."

सूप दोनतीनदा आपटलं. "तुह्या घरी जनावर बी मोठं सफाईदार येते व. खाते अन् पुसून जाते."

अन्नपूर्णाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"भैयालाल शनिवारी आला होता ना?"

"आला होता."

"हं," जमुनाबाई म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. मी म्हणालो, "जमुनाबाई, काय बोलायचं ते सरळ बोला. हं म्हणजे काय?"

"तुमी तुमचं पानी मांगाले आले ना भाऊ? ते मांगा."

मी उठलोच होतो, पण अन्नपूर्णाबाईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, तू चूप राय." मग जमुनाबाईला म्हणाली, "बदली कोंबडी उद्या आनून देतो." आणि निघाली.

रस्त्यात मी तिला गाठलं. म्हणालो, "मावशी, हा चोरीचा आळ आहे. नवऱ्याला खाऊ घातली असं ती तोंडावर म्हणाली. समाज मंदिरात बैठक लावतो. चार माणसं जाऊन विचारू."

"अन् मग?"

"मग तिला माफी मागावी लागेल."

"मग तू घरी जाशील, चार मानसं घरी जातीन. मले आखाडात तिच्याच बांधीत रोवना करा लागते. तिच्या बाजूले उभी राहून." रोवणा म्हणजे भाताची लावणी. थोडं चालून परत म्हणाली, "अन् बैठकीत तुमी काय सांगसाल? अन्नपूर्णानं खाल्ली नाई, हेच ना? तुमाले तरी कसं मालूम?"

"मला माहीत आहे."

"तुले मालूम हाय. तिले मालूम नाई. पख असते तं मालूम झालं असतं." हे ती चिडून बोलली नाही. तोच तर तिचा त्रास होता. नियम तिला मान्य होता. आयुष्यभर त्या नियमानं तिला इमानदार ठरवलं होतं, आता तोच उलटला होता.

बोलणं वस्तीभर झालंच. कोणी तोंडावर काही म्हणत नव्हतं. पण बाकीचे मालक सहज म्हणून चक्कर मारायला लागले. येता येता खुराड्यात डोकावायचे, आपली कोंबडी बघायचे, "काय म्हणते तब्येत" विचारायचे आणि जायचे. मनिरामसारखा फुकट बोलणारा तर चुलीकडे बघून म्हणाला, "काय शिजून राहिलं वहिनी, वास नाई येत?" तिनं झाकण काढून दाखवलं. आंबाडीची भाजी होती. तो ओशाळला, पण तिनं झाकण काढलं ही गोष्ट मला अजून सलते.

चौदा एप्रिलला जयंती. स्नेहल नवऱ्याला घेऊन तिरोड्याहून आली. घरी जावई, दाराशी स्वतःच्या मालकीच्या कोंबड्या, आणि अन्नपूर्णाबाईनं लाखोरीच्या डाळीचे वडे आणि वांग्याची भाजी केली. मिरवणुकीआधी मी तिथं पाणी प्यायला थांबलो होतो. भैयालाल ताटाकडे बघत राहिला.

"जावई आला अन् वडे?"

"चांगले झाले आहेत बाबा," जावई म्हणाला. पोरगा भला होता.

"चांगले हायत. पन आपल्या स्वतःच्या कोंबड्या हायत ना व? का त्याइचे बी पख दाखवा लागते कोनाले?"

"तुमी आज पाहून राहिले," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "उद्या परवा पिसं उकिरड्यावर दिसतीन. कोन मोजते कोनाची कोंबडी होती ते?"

भैयालालनं वडा मोडला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे माह्या घरात मी कोंबडी खाऊ नाई, कारन दुसऱ्याची हरपली."

"सापडेपर्यंत नाई."

स्नेहलनं आईच्या ताटात वडा टाकला आणि विषय तिथं संपला. मिरवणुकीत त्या दिवशी मी घोषणा दिल्या, माझा घसा बसला, पण डोक्यात ते वड्यांचं ताट होतं. बाबासाहेबांच्या जयंतीला एक बाई स्वतःच्या घरात स्वतःची कोंबडी कापायला भिते. याला काय म्हणायचं, ज्यानं त्यानं ठरवावं.

वैशाखात जमुनाबाईची अजून एक गेली. काळी, मोठी, खुडूक बसायच्या बेतातली. तिच्या पायात निळी चिंधी होती, जमुनाबाईच्या सगळ्या कोंबड्यांच्या पायात असायची तशी. या वेळी अन्नपूर्णाबाई सांगायला गेली नाही. तो दिवस तसाच काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गायीसाठी तणस ओढायला मांडवाच्या कोपऱ्यात चढली. उन्हाळ्यात ढीग खाली आलेला असतो, खुराड्यावरचा कोपरा तेवढा शिल्लक होता. तिनं हात घातला आणि पेंढ्याऐवजी गार, गुळगुळीत काहीतरी हाताला लागलं. ते हललं.

मी पोहोचलो तेव्हा वस्ती गोळा झालेली होती. अजगर होता. तणसात वेटोळं घालून बसलेला, मधेच पोट फुगलेलं. एका बाजूच्या कामट्या सरकलेल्या होत्या आणि त्या फटीतून खाली कोंबड्यांचं खुराडं सरळ दिसत होतं. शत्रू जमिनीवरून येतो म्हणून तिनं जमीन बांधली, भिंत बांधली, दार बांधलं. आणि तो घरातच, तिच्या गायीच्या चाऱ्यात राहत होता. वरून डोकं सोडायचा, आवळायचा, अख्खी वर ओढून गिळायचा. पीस पडणार कुठून?

मनिराम कुऱ्हाड घेऊन आला. "पोट फाडा. आत्ताच्या आत्ता दूध का दूध होऊन जाईन."

"ठेव ते," नाकेदार म्हणाला. म्हणजे आमचा वनरक्षक, सेवकराम. कोणीतरी त्याला सायकलवरून आणलं होतं. "अजगर मारला तं जेलात जाशील. मंग तुहे पख आमी दाखवू तुह्या बायकोले."

लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण जमुनाबाईही येऊन उभी होती. वस्तीच्या तोंडाशी, पदर नाकाला लावून. बातमी तिच्यापर्यंत पळतच गेली असणार. आत आली नाही.

सेवकरामनं मानेमागं धरलं, दोघांनी शेपटीकडून. बारदाना तयार होता. जनावर बल्लीला आवळून बसलं होतं, सुटत नव्हतं. ओढाताणीत त्यानं अंग झटकलं, तोंड ताणलं गेलं आणि पोटातली गाठ पुढं सरकायला लागली. सेवकराम म्हणाला, "सोडा, सोडा, ओकते आता." सगळे मागं सरले. अजगरानं कोंबडी बाहेर टाकली. लांबुळकी, ओली, अख्खी, काळी. पायात निळी चिंधी.

सगळे परत पुढं सरकून बघायला लागले. मग मनिरामच म्हणाला, "ले, गवाहनं बयान देऊन टाकलं."

या वेळी सगळी वस्ती हसली, आणि त्या हसण्यात सुटका होती. रुख्मा नावाची शेजारीण तर अन्नपूर्णाबाईच्या गळ्यातच पडली. सेवकरामनं अजगर बारदान्यात भरला, डोंगरात सोडायला नेला. जमुनाबाई पुढं आली. वस्तीत पाय ठेवायची तिची ती पहिलीच वेळ, मला तरी आधीची आठवत नाही. चिंधीकडे वाकून बघितलं.

"माहीच हाय," ती म्हणाली. "चला, मनातलं गेलं. आता बाकीच्या राहू दे तुह्याजवळ. अन् तू दिलेल्या दोन तलंगा पाठवून देतो."

अन्नपूर्णाबाई इतका वेळ खुराड्याच्या भिंतीला टेकून उभी होती. ती नुसती "बरं" म्हणाली. मला वाटलं, प्रकरण संपलं. सगळ्यांनाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोंबड्या बाहेर सोडायच्या वेळेआधी, तिनं मला हाक मारली. म्हणाली, "एक डालगं तू घे, एक मी घेतो. बोलाचं नाई काही."

दोन्ही डालग्यांत जमुनाबाईच्या कोंबड्या भरल्या होत्या. आम्ही ती मोठ्या घराच्या अंगणात नेऊन ठेवली आणि तिनं झाकणं काढली. कोंबड्या तुळशीभोवती पसरल्या. एक तर वृंदावनावरच चढली. ईश्वरदास ओसरीवर नुकते अंघोळ करून बसले होते, हातात माळ. जमुनाबाई आतून धावत आली.

"हे काय व अन्नपूर्णे?"

"तुह्या कोंबड्या. पाहून घे बाई."

"अवं, पन काल सापडलं ना सगळं. तुह्यावर कोन काय म्हणते आता?"

"आता नाई म्हणत," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "सापानं सांगतलं म्हणून. साप सापडला नसता तं? तू मले इतके वर्स पाहून राहिली. माह्या हातचे पख पाहिले, पाय पाहिले, बदली कोंबड्या घेतल्या. इतक्या वर्सात तुह्या जवळ माह्या एका शब्दाची जमा नाई. सापाच्या ओकारीची हाय."

जमुनाबाईचं तोंड उतरलं. "मी चोर म्हणली काय तुले?"

"हं म्हणली."

मी तोंड उघडणार होतो. नाही उघडलं. तिनं बजावलं होतं, आणि माझ्यापेक्षा ती नीट बोलत होती.

ईश्वरदासांनी माळ बाजूला ठेवली. कोंबडी वृंदावनावरून हाकलली, पण हळू. "हे घरात नाई चालत व माय," ते म्हणाले. "नेऊन ठेव जिथं होत्या तिथं. सूनबाईकडून झालं गेलं."

"ठेवतो बुवा. नाई म्हणत नाई. पन आता पख नाई दाखवनार, पाय नाई दाखवनार. गेली म्हणलं तं गेली, मेली म्हणलं तं मेली. पटत असन तं बाईनं सोता आनून ठेवाव्या. नाई तं दुसरं घर पाहावं."

आणि ती रिकामी डालगी घेऊन निघाली. मागं वळली नाही. मी वळून बघितलं. मोठ्या घरचा गडी धोतर सावरत कोंबड्यांच्या मागं पळत होता.

मी तिला म्हणालो, आणि आजही म्हणतो, की माफी तिथंच, सगळ्यांसमोर मागून घ्यायला हवी होती. शब्द तोंडातून काढून घेतल्याशिवाय मोठ्या घरांना काही कळत नाही. ती म्हणाली, "माफी घेऊन मी काय करू? उद्या कोंबडी गेली का परत पख मांगतीन." यावर आमचं कधीच जमलं नाही.

चार दिवस काही झालं नाही. कोंबड्या मोठ्या घराच्या गोठ्यात डालग्याखाली होत्या आणि ईश्वरदास दिवसातून दोनदा अंगण धुवायला लावत होते, हे गड्यानं सांगितलं. अन्नपूर्णाबाईनं त्या चार दिवसांत खुराड्यावर फळ्यांचं छत घातलं आणि तणस दुसऱ्या टोकाला हलवलं. कोंबड्या येतील की नाही, एकदाही बोलली नाही. पण दर संध्याकाळी तिची नजर रस्त्याकडे जायची. कोंबड्यांसाठी नाही. त्या आल्या नाहीत तर बाकीचे मालकही एकेक करून घेऊन जाणार, आणि अन्नपूर्णाबाई गावात उरणार ती साप निघाला म्हणून वाचलेली बाई, एवढीच.

पाचव्या दिवशी जमुनाबाई आली. गड्याला पाठवलं नाही. डोक्यावर डालगं, मागून नात दुसरं ओढत. अन्नपूर्णाबाईच्या दाराशी टेकवलं आणि दम खात बसली.

"पानी दे व," म्हणाली.

अन्नपूर्णाबाईनं तांब्या दिला. जमुनाबाई तिथंच बसून पाणी प्यायली. मोठ्या घरच्या बाईनं आमच्या घरचं पाणी प्यावं ही गोष्ट आमच्या गावात तोपर्यंत बघितलेली नव्हती. अन्नपूर्णाबाईनं तांब्या परत घेतला. झाकण काढलं, कोंबड्या आत गेल्या. जमुनाबाई उठताना म्हणाली, "एक खुडूक हाय. तिले अंडे लावजो." पिसांचं नाव नाही, पायांचं नाही.

एवढ्यानं काय होतं, असं मला वाटलं होतं. बोलायला काय जातं? कोंबडी परत गेली की कळेल.

ती आखाडात गेली. रोवणा चालू होता. जमुनाबाईच्या बांधीत बायका ओळीनं वाकलेल्या, पाटाचं पाणी नडग्यांपर्यंत, आणि मी बांधावर उभा राहून मजुरीचा दर कोणी किती दिला ते विचारत होतो. अन्नपूर्णाबाई उशिरा आली. साडी खोचली, चिखलात उतरली, जमुनाबाईच्या बाजूची जागा घेतली.

"तुही लाल तुऱ्याची गेली," ती म्हणाली. "मुंगसानं. दिवसाच धरलं, बोडीजवळ."

जमुनाबाईच्या हातात रोपांची जुडी होती. हात थांबला. बाकीच्या बायकांचेही थांबले, कान तिकडेच. अन्नपूर्णाबाईच्या ओच्यात चिंधी नव्हती, हातात काही नव्हतं. पिसं बोडीच्या काठावर पडली होती, सकाळी मी स्वतः बघितली होती. आणायची असती तर मूठभर आणता आली असती.

"बरं," जमुनाबाई म्हणाली. जुडी सोडली, अर्धी रोपं अन्नपूर्णाबाईच्या हातात दिली. "हे दाट झाले व इकडचे. जरा विरळ लाव."

दोघी वाकल्या, आणि ओळ पुढं सरकली.